न समजलेल्या कागदावरची सही

खानापूर तालुक्यातील एका वाडीतली बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन बेळगावातील एका इस्पितळात गेली होती. मुलगा चालता चालता पडे. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढे. जमिनीवर बसला की उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राही. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. त्यामुळे घरच्यांचा समज असा, की पोर अंगाने भारी आहे, उठायचा आळस करते.

इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि दूरच्या जिल्ह्यातून आलेले होते. त्यांनी आपल्या मदतनीस डॉक्टरांना इंग्रजीत काही सांगितले, त्यांनी ते परिचारिकेला कन्नडमध्ये सांगितले आणि परिचारिकेने मोडक्यातोडक्या मराठीत या बाईला सांगितले, ‘‘नर वीक आहे. आईकडनं आलंय. औषध नाही. इथं सही करा.’’

बाईने सही केली. कशावर केली ते तिला ठाऊक नव्हते. ‘‘डॉक्टर काय म्हणूलालेत?’’ असे तिने शेजारच्या खाटेवरच्या आजीला विचारले, पण आजीलाही काही उलगडले नाही. संध्याकाळच्या बसने ती घरी आली आणि तिने जे ऐकले होते तेच सासूला सांगितले. पुढचे दोन महिने ती माहेरी होती. पोराचे दुखणे तिच्या रक्तातून आले, असे घराने ठरवून टाकले होते.

या प्रसंगात कोणी लबाडी केली नाही. कोणी पैसे उकळले नाहीत. रोगही बरोबर ओळखला गेला होता. तरीही वैद्यकीय नीती जिला म्हणतात तिच्या दृष्टीने त्या चारही वाक्यांत चूक होती, आणि प्रत्येक चुकीचे मूळ भाषेत होते. सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्यापुढे शाळा, नामफलक आणि सातबारा उभे राहतात. इस्पितळातली खाट क्वचितच आठवते. म्हणून ती चार वाक्ये एकेक करून पाहू.

‘नर वीक आहे’

कन्नडमध्ये ‘नर’ म्हणजे मज्जातंतू, बोलीत आपण ज्याला शीर म्हणतो ती. ‘नरदौर्बल्य’ हा कन्नडमधला नेहमीचा शब्द. तोच मराठी कानावर पडला की त्याचा अर्थ पुरुषाच्या दुर्बलतेकडे जातो. सात वर्षांच्या मुलाबद्दल असे काही ऐकून त्या आईला काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

पण शब्द समजला असता तरी निदान चुकीचेच पोचले असते. मुलाच्या शिरांना काहीच झाले नव्हते. त्याचा आजार स्नायूंचा होता. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ च्या सुमारास त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो ‘ड्युशेन स्नायूक्षय’ या नावाने ओळखला जातो. मांड्यांवर हात टेकत उठण्याची जी लकब या मुलात होती, ती विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. गॉवर्स यांनी या रोगावरील आपली व्याख्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांच्या जन्मांमागे एकाला हा आजार होतो. ‘डिस्ट्रॉफिन’ हे प्रथिन स्नायूंच्या पेशींची भिंत शाबूत ठेवते. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झाला की प्रत्येक हालचालीबरोबर स्नायू थोडे थोडे झिजत जातात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्या बळामुळे नव्हेत. झिजलेल्या स्नायूंची जागा तिथे चरबी आणि तंतूंनी घेतलेली असते.

हे सगळे मराठीत सांगायला पाच मिनिटे पुरतात. ‘शीर चांगली आहे, मांस झिजते आहे,’ एवढे सांगितले तरी घरातली म्हातारी माणसे समजतात. आजाराचे स्वरूप रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना कळले आहे याची खात्री करून घेणे, हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेल्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे. आजाराची गंभीरता वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, हेही त्याच नियमांत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू करण्यात आले.

‘आईकडनं आलंय’

चारांपैकी सर्वांत क्रूर वाक्य हेच, कारण ते अर्धे खरे आहे. डिस्ट्रॉफिनचे जनुक ‘एक्स’ या गुणसूत्रावर असते. मुलग्याला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते. म्हणून आई वाहक असू शकते. ती स्वतः बहुधा धडधाकट असते आणि तिला काही कळतही नाही. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बिघाड नव्याने, आपोआप झालेला असतो. आईच्या रक्ताची जनुकीय तपासणी केल्याशिवाय ती वाहक आहे असे म्हणता येत नाही. या बाईची तपासणी झालेली नव्हती.

आणि समजा, ती वाहक निघाली असती, तरी तो तिचा दोष कसा? आपल्या शरीरातले जनुक कोणी निवडून घेत नाही. पण ‘आईकडून आले’ आणि ‘आईमुळे झाले’ या दोन वाक्यांत आपल्या घरांमध्ये कोणी फरक करीत नाही. म्हणूनच जनुकीय तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन झालेच पाहिजे, असा या विषयातला शिष्टसंमत संकेत आहे. तपासणी कशासाठी करायची, तिचा निकाल काय येऊ शकतो, तो निकाल आणखी कोणाच्या आयुष्याला स्पर्श करील, हे रक्त घेण्याआधी सांगायचे असते. आई वाहक निघाली तर तिची बहीण, म्हणजे मुलाची मावशीही वाहक असू शकते. तिचे लग्न ठरत असेल. ही बातमी तिला कोणी सांगायची? डॉक्टरांनी ती परस्पर फोडायची नाही. आईला नीट समजावून, तिनेच बहिणीशी बोलावे असा आग्रह धरायचा. हे नाजूक बोलणे तिसऱ्या भाषेतून, वार्डातल्या दहा माणसांसमोर होणार कसे?

पुढच्या गरोदरपणाचाही प्रश्न असतो. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा सर्वांना माहीत आहे. पण त्याच कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक रोगांसाठी, ठरलेल्या अटी पाळून आणि नोंदणीकृत केंद्रात, गर्भाच्या तपासणीला परवानगी दिली आहे. ड्युशेन स्नायूक्षय त्यात बसतो. गर्भाचे लिंग उघड करण्यास मात्र मनाई आहेच. या तपासणीची लेखी संमती गरोदर बाईला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी, हे कायद्यातच लिहिलेले आहे. ज्या बाईला कन्नड किंवा इंग्रजी कागद पुढे करून सही मागितली जाते, तिच्या बाजूने कायदा आधीच उभा आहे. तिला ते कोणी सांगत नाही, इतकेच.

‘औषध नाही’

रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही, हे खरे. पण ‘औषध नाही’ याचा अर्थ आपल्या खेड्यात ‘आता घरी न्या’ असा होतो. प्रत्यक्षात करण्यासारखे पुष्कळ असते. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइड वर्गातली औषधे वेळेवर सुरू केली तर मुलाचे चालणे काही वर्षे लांबते, पाठीचा कणा वाकण्याचे प्रमाण कमी होते. त्या औषधांचे त्रासही असतात. वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, उंची खुंटते. म्हणून ती द्यायची की नाही हे घरच्यांबरोबर बसून ठरवायचे असते. सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, रात्री पायाला आधारपट्ट्या, हृदयाची नियमित तपासणी, पुढे श्वासाला यंत्राची मदत, या सर्वांमुळे पूर्वी विशीच्या आत जाणारी मुले आता तिशीपर्यंत आणि त्याही पुढे जगू लागली आहेत.

सरकारी आधारही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्नायूक्षयाचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेन स्नायूक्षय आणि पाठीच्या कण्यातील पेशींमुळे होणारा स्नायूक्षय हे दोन्ही आजार आहेत. नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय, हैदराबादची निजाम्स इन्स्टिट्यूट आणि बंगळूरचे मानवी आनुवंशिकी केंद्र यांचा अशा केंद्रांत समावेश आहे. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेत चेता-स्नायू विकारांचा मोठा अनुभव आहे. ‘औषध नाही’ या दोन शब्दांत ही सगळी दारे बंद झाली.

दुसरे टोकही सांगितले पाहिजे. ज्याला एका ठिकाणी ‘औषध नाही’ असे सांगितले जाते, तो जाहिरातीच्या जाळ्यात सापडतो. ‘मूलपेशींची सुई’ घेऊन मुलगा चालू लागेल असे सांगणारे आहेत, आणि त्यासाठी शेत गहाण टाकणारेही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत निःसंदिग्ध आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर नोंदणीकृत संशोधनाबाहेर करणे अनैतिक आहे, असे त्यांत म्हटले आहे. संशोधन असेल तर त्यासाठी रुग्णाकडून फी घ्यायची नसते. जिथे लाखांची पावती फाडली जाते, तिथे ते संशोधन नव्हे, एवढी खूण लक्षात ठेवावी. या जाहिराती मात्र चांगल्या मराठीत असतात. खरे सांगणारा परक्या भाषेत बोलतो आणि फसवणारा आपल्या भाषेत, ही आपल्या भागाची शोकांतिका आहे.

‘इथं सही करा’

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी संमतीचा अर्थ सविस्तर सांगितला. ४४ वर्षांच्या एका स्त्रीला तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असतानाच तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने हे अमान्य केले. उपचार काय आहे, कशासाठी आहे, त्यात धोका कोणता, दुसरा पर्याय कोणता आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे रुग्णाला कळले पाहिजे. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येण्यासारखा असेल तर नातेवाइकाची सही चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले, तर मात्र डॉक्टरांना थांबण्याची गरज नाही.

आता या कसोटीवर आपल्या बाईची सही ठेवून पहा. तिला काहीच कळलेले नव्हते. मग ती सही म्हणजे शाईचा डाग.

नव्या औषधांच्या प्रयोगांबाबत तर २०१९ चे नियम अधिक कडक आहेत. संमतिपत्र सोप्या आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवे. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारांवर जगभर नवी औषधे शोधली जात आहेत आणि त्यांचे प्रयोग आपल्याकडेही होतात. हताश आईबाप कशावरही सही करतात. म्हणून त्यांच्या बाबतीत भाषेची काळजी दुप्पट घ्यायची.

शीर, चक्कर आणि अशक्तपणा

इतर रोगांत यंत्रे बरेच काही सांगतात. मज्जातंतूंच्या रोगांत अजूनही रुग्णाच्या तोंडची हकीकत हेच पहिले साधन आहे, आणि ती हकीकत शब्दांत असते. आपल्या बोलीत ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनीही, मज्जातंतूही आणि स्नायूची दोरीही. ‘अशक्तपणा’ म्हणजे थकवाही आणि हाताची ताकद जाणेही. ‘चक्कर’ म्हणजे घेरी, भोवळ, तोल जाणे आणि कधी कधी फिटसुद्धा. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, आग होणे, हे चार वेगळे अनुभव आहेत आणि त्यांतला फरक निदान बदलू शकतो. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे अर्धांगवायू, हे न कळणाऱ्या डॉक्टरला आपली आजी वाताची तक्रार करते आहे असे वाटू शकते.

अर्धांगवायूत तर घड्याळ चालू असते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते. ते दिल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध अमेरिकन चाचणीत शंभरांतल्या साधारण सहा रुग्णांना तो झाला, तरीही एकूण हिशेबात फायदाच दिसला. हे नातेवाइकांना पाच मिनिटांत सांगून निर्णय घ्यायचा असतो. दुभाषा शोधण्यात अर्धा तास गेला, तर तेवढा मेंदू गेला.

स्मरणशक्तीच्या तपासणीचेही तसेच आहे. वार कोणता, महिना कोणता, तीन वस्तूंची नावे लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न विचारतात. आषाढ चालू आहे हे अचूक सांगणाऱ्या आजोबांना ‘जुलै’ सांगता आले नाही म्हणून ते विसरभोळे ठरत नाहीत. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसाचीही परीक्षा त्याला येणाऱ्या प्रत्येक भाषेत घ्यायला हवी. कधी एक भाषा अधिक जाते, दुसरी कमी जाते.

या संदर्भात हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी होती. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि जे निरक्षर होते त्यांच्यातही हा फरक दिसला. एका अभ्यासावरून सर्व सिद्ध होत नाही, आणि नंतरच्या संशोधनांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण सीमाभागातला माणूस बाजारात कन्नड, घरात मराठी आणि बसस्टँडवर हिंदी बोलतो, ही काही कमीपणाची गोष्ट नाही, एवढे तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

दुभाषा कोण?

आपल्याकडे दुभाषाचे काम वार्डबॉय करतो, शेजारचा रुग्ण करतो, नाहीतर कन्नड शाळेत जाणारी दहा वर्षांची नात करते. आजोबांना कंपवात आहे की आणखी काही, लघवीवरचा ताबा का गेला, हे नातीच्या तोंडून विचारायचे? मोठा मुलगा दुभाषा झाला तर तो वडिलांना ‘काही नाही अण्णा, थोडी शीर दबलीय’ एवढेच सांगतो. प्रेमापोटीच सांगतो. पण आजार वडिलांचा आहे, आणि जमिनीची वाटणी, लेकीचे लग्न, राहिलेले देणेघेणे, हे सगळे वेळेत उरकायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

चेतापेशींच्या काही रोगांत हातपाय जातात, वाचा जाते, पण बुद्धी अखेरपर्यंत शाबूत असते. अशा माणसाच्या उशाशी उभे राहून नातेवाईक आणि डॉक्टर त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला पापणी मिटून होय-नाही सांगता येते. गळ्याला छिद्र पाडून यंत्रावर ठेवायचे की नको, हा प्रश्न वाचा असतानाच, त्याच्या भाषेत विचारून ठेवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने अशी पूर्वइच्छा लिहून ठेवण्याला मान्यता दिली. २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरेशी ठरवली. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये यासंबंधी आदेश काढला.

गुप्ततेचा प्रश्नही दुभाषाशी जोडलेला आहे. फिट येणाऱ्या मुलीचे नाव वार्डबॉयमार्फत गावात पोचले की तिचे लग्न मोडते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडसर आला होता. तो १९९९ मध्ये काढून टाकला गेला, हे आजही पुष्कळांना माहीत नाही. फिटवरील सोडियम व्हॅलप्रोएट या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून लग्न ठरलेल्या मुलीला ते स्पष्ट सांगावे लागते, आणि डॉक्टरांना न विचारता औषध एकदम बंद करू नये हेही सांगावे लागते. हे बोलणे तिच्याशी, तिच्या भाषेत आणि एकांतातच व्हायला हवे.

मागणी काय करायची?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, रुग्णाला त्याच्या समजुतीच्या पातळीवर आणि त्याला येणाऱ्या भाषेत माहिती मिळावी, असे म्हटले आहे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन २००२ च्या नियमांत आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार, राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडता येते. तेव्हा तक्रार मराठीत दिली म्हणून परत करता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या भागांत महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व राज्यांनीच पूर्वी मान्य केलेले आहे.

फलकांवर ६० टक्के कन्नड हवे, असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. त्या वादाचे काय व्हायचे ते होवो. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावाही सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना देऊ केली आणि त्यावरही वाद झाला. पण संमतिपत्र हा फलक नव्हे. तो दारावर टांगायचा नसतो, रुग्णाला वाचायचा असतो. मराठी संमतिपत्रासाठी कोणताही दावा निकाली निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. छापील मराठी प्रत, वार्डात एक शिकवून तयार केलेला दुभाषा, आणि नव्या डॉक्टरांसाठी रोगाच्या हकीकतीतले पन्नास मराठी शब्द, एवढ्याने सुरुवात होते. आपल्या भागात मराठी उत्तम बोलणारे कन्नडभाषक डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि या मागणीला त्यांचाच पाठिंबा आधी मिळेल.

एक गोष्ट मात्र आपणही मान्य केली पाहिजे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली कन्नड बोलणारी बाई सांगली-सोलापूरच्या इस्पितळात जाते, तेव्हा तिलाही मराठी कागदच पुढे केला जातो. आपण बेळगावात जे मागतो ते तिला सोलापुरात मिळाले पाहिजे, असे म्हणण्याची तयारी असेल तरच आपल्या मागणीला वजन येईल.

तोपर्यंत प्रत्येकाने काही प्रश्न पाठ करावेत. आजाराचे नाव काय, ते मराठीत लिहून द्याल का? शिरेचा आहे की स्नायूचा? ही तपासणी कशासाठी आणि तिने उपचार बदलणार आहे का? उपचाराचा फायदा किती, धोका कोणता? केले नाही तर काय होईल? हा कागद कशाचा आहे, वाचून दाखवाल का? एवढे विचारल्यावर रागावणारा डॉक्टर विरळा. बहुतेक वेळा आपणच विचारत नाही.

ती बाई पुढे दुसऱ्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अर्धा तास बसवून घेऊन, कागदावर चित्र काढून तिला सगळे मराठीत सांगितले. नवऱ्यालाही बोलावून घेतले. आजार बरा होणार नाही, हे त्यांनीही लपवले नाही. तिच्या रक्ताचा निकाल पुढे आला तेव्हा ती वाहक नव्हती. तो निकाल ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने एवढेच विचारले, ‘‘म्हणजे माझी काय चूक न्हवती तर?’’

हा प्रश्न ती पहिल्या इस्पितळातही विचारू शकली असती. तिथे तो समजून घेणारे कोणी नव्हते.